मृतांची स्मारके आणि समाजरचना : इजिप्तमधील पिरॅमिड व विदर्भातील शिलावर्तुळे – एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
प्राचीन जगाच्या इतिहासाचे अध्यापन करताना इजिप्तमधील पिरॅमिडांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. गिझाचा पिरॅमिड कोणत्या राजाचा, हे देगलूरसारख्या सीमावर्ती तालुक्यातील विद्यार्थीही सांगू शकतो. परंतु महाराष्ट्राच्याच भूमीवर मृतांसाठी उभारलेली शेकडो दगडी स्मारके आहेत, याची माहिती त्याला क्वचितच असते. प्रस्तुत निबंधात पिरॅमिडांचा विकास व हेतू आणि विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळे यांचा तुलनात्मक विचार केला आहे. मृतांच्या स्मारकांवरून जिवंतांच्या समाजरचनेचा बोध होतो, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

पिरॅमिडांचा विकास :
पिरॅमिड एकाएकी निर्माण झाले नाहीत. आरंभी राजांना व सरदारांना 'मस्तबा' या सपाट माथ्याच्या आयताकृती वास्तूखाली पुरले जाई. इ.स.पू. २६५० च्या सुमारास जोसेर राजासाठी सक्कारा येथे सहा टप्प्यांचा पिरॅमिड बांधला गेला. त्याच्या रचनेचे श्रेय इम्होतेप या अधिकाऱ्यास दिले जाते. पुढे स्नेफरू राजाच्या काळात दहशूर येथे बांधकाम सुरू असतानाच उताराचा कोन बदलावा लागला व 'वाकलेला' पिरॅमिड तयार झाला. या अनुभवातूनच 'लाल पिरॅमिड' हा सरळ उताराचा पिरॅमिड साकारला. स्नेफरूचा पुत्र खुफू याच्या गिझा येथील पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड वापरले गेले.

हेतू :
पिरॅमिड ही राजाची समाधी होती, हे खरे. तथापि एवढ्यावरच त्याचा अर्थ संपत नाही. नदीकाठचे मंदिर, तेथून वर जाणारा आच्छादित मार्ग, पिरॅमिडलगतचे मंदिर व मुख्य वास्तू असा तो संपूर्ण समूह असे. राजाच्या मृत्यूनंतरही तेथे नित्य नैवेद्य चालावा यासाठी जमिनी नेमून दिल्या जात. पाचव्या राजवंशातील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर प्रथमच मंत्र कोरलेले आढळतात. मृत राजाने आकाशात जाऊन देवांमध्ये स्थान मिळवावे, हा त्यांचा आशय आहे. राजाचे पारलौकिक कल्याण म्हणजेच राज्याचे कल्याण, अशी ही धारणा होती.

पिरॅमिड गुलामांनी बांधले, हा समज आजही प्रचलित आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने एक लाख माणसे राबत असल्याचे लिहिले. परंतु तो खुफूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी होऊन गेला. गिझा येथे १९९० पासून उजेडात आलेल्या कामगारांच्या कबरी, वसाहत व भटारखाने यांवरून तेथे संघटित, पोसलेले व सन्मानाने पुरले गेलेले कामगार होते, असे दिसून येते. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याने तुरा येथील चुनखडी नौकांतून गिझास नेल्याच्या दैनंदिन नोंदी आहेत. अर्थात, हे श्रम पूर्णतः स्वेच्छेचे होते, असेही म्हणता येत नाही. राज्यास देय असलेली सक्तीची सेवा, असे त्यांचे स्वरूप मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

विदर्भातील शिलावर्तुळे :
इ.स.पू. पहिल्या सहस्रकात विदर्भात लोखंड वापरणारा समाज नांदत होता. नागपूर–काटोल मार्गावरील जुनापाणी येथे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक याने काही वर्तुळे उकरली. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर उत्खनने केली. मोठ्या दगडांचे कडे, आत माती व गोट्यांची भर आणि त्याखाली अस्थी व वस्तू, अशी या स्मारकांची रचना आहे. काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर, तांब्याच्या वस्तू आणि मौल्यवान दगडांचे मणी त्यांत मिळाले. माहुरझरी येथे मृतासोबत पुरलेले घोडे व त्यांचे तांब्याचे अलंकारही आढळले. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडल्याने हा समाज धातुविद्येत कुशल होता, हे स्पष्ट होते.

तुलना :
दोन्हीकडे मृत्यूनंतरच्या अस्तित्वावरील श्रद्धा व दफनातील वस्तूंची परंपरा दिसते. भेद आहे तो सत्तेच्या स्वरूपात. इजिप्तमध्ये संपूर्ण देशाचे धान्य, श्रम व कारागिरी एका व्यक्तीच्या वास्तूकडे वळविली गेली; कारण कर गोळा करणारी व नोंदी ठेवणारी राज्यसंस्था तेथे अस्तित्वात होती. विदर्भात तशी केंद्रीभूत सत्ता असल्याचा पुरावा नाही. तेथील वर्तुळ आप्त व गावकरी मिळून उभारू शकत. मात्र हा समाज समतेचा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. घोडा व अलंकार काही दफनांतच मिळतात. म्हणजे प्रतिष्ठेचा भेद होता, पण तो वास्तूच्या उंचीतून नव्हे, तर मृतासोबत ठेवलेल्या वस्तूंतून व्यक्त होई.

निष्कर्ष :
स्मारकाची भव्यता हे संस्कृतीच्या श्रेष्ठतेचे माप नसून राज्यसंस्थेच्या संघटनशक्तीचे माप आहे. पिरॅमिड जगाच्या नजरेत असल्याने सुरक्षित आहेत. शिलावर्तुळांचे दगड मात्र शेती, खाणकाम व शहरविस्तार यांमुळे हलविले जात आहेत. दगड हलला की वर्तुळ संपते आणि त्यासोबत लिखित साधने मागे न ठेवलेल्या समाजाचा पुरावाही नष्ट होतो. देगलूरलगतच्या तेलंगण व कर्नाटकातही अशी महापाषाणीय दफने विपुल आहेत. गिझाच्या पाठाला जुनापाणी व माहुरझरीची जोड दिल्यास आणि अभ्याससहली त्या दिशेने वळविल्यास विद्यार्थ्यांना पुरावा वाचण्याची दृष्टी लाभेल व या दुर्लक्षित वारशाच्या जतनासही साहाय्य होईल.