पलंगावरून पाय खाली सोडताना

बीड जिल्ह्यात सर्पदंशाने किंवा फवारणीच्या औषधाने एखाद्याचा श्वास अडला, की घरचे अनेकदा त्याला अंबाजोगाईला नेतात. तिथे 1974 पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. घशात नळी घातली जाते, व्हेंटिलेटर लागतो. मग घरचे म्हणतात, "त्याला हलवू नका, निपचित पडू द्या." ही माया खरी, पण याच समजुतीशी झगडत आयसीयूतली फिजिओथेरपी घडली.

आपल्याकडे तिची वाट पोलिओने उघडली. लेकीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947च्या सुमारास मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. पुढे 1950च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

त्याच सुमारास, 1952 साली, कोपनहेगनमध्ये पोलिओने रुग्णांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत होते. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने गळ्यात छेद घेऊन नळी बसवली गेली आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगा दाबत रुग्ण जगवले. आजच्या आयसीयूचा पाया त्या हातांनी घातला.

मात्र जगलेला रुग्ण पडून पडून खंगतो. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी 1947 सालीच अंथरुणाला खिळण्याचे धोके मांडले होते. 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला: व्हेंटिलेटरवरच्या 104 रुग्णांपैकी ज्यांना लवकर हालचाल दिली, त्यांतले 59 टक्के घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांतले 35 टक्केच. 2022च्या मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर लावून फायदा दिसला नाही, उलट त्रास वाढला. म्हणजे हलवायचं, पण बेताने.

ते असं: आधी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन बघायचा. कूस बदलायची, छातीतला कफ सुटा करून सक्शनने काढायचा. झेपलं तर एकाने नळी सांभाळायची, दुसऱ्याने पाठीला हात द्यायचा आणि रुग्णाचे पाय पलंगाखाली सोडून त्याला बसवायचं. मान डगमगते, घाम फुटतो. ऑक्सिजन उतरला की लगेच आडवं करायचं.

बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचं घर त्याच्या अंगमेहनतीवर चालतं. तो नुसता वाचून भागत नाही, उभा राहावा लागतो. म्हणून जिल्ह्यात व्हेंटिलेटर किती, हे विचारताना त्या पलंगाशी फिजिओथेरपिस्ट किती, हेही आपण तितक्याच आग्रहाने विचारलं पाहिजे.