कोरांटीची चिठ्ठी आणि इलाख्यांच्या सीमा

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी माणूस जिला कोरांटी म्हणतो, तिलाच त्याचा कन्नड शेजारी गोरंटे म्हणतो. दोन्ही नावांचे संस्कृत कुरण्टकाशी असलेले नाते कानालाच कळते. अमरकोशात तांबड्या फुलाची ती कुरबक व पिवळ्या फुलाची ती कुरण्टक, असा रंगावरून भेद केलेला आहे. वनस्पतिशास्त्रात मात्र ही प्रजाती बार्लेरिया या नावाने, म्हणजे सतराव्या शतकातील बारेलिए नामक फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावाने, ओळखली जाते.

ज्या रंगावरून आपल्या पूर्वसूरींनी नावे दिली, तोच रंग शुष्क वनस्पतिसंग्रहात टिकत नाही. दाबून वाळविलेले फूल कालांतराने तपकिरी पडते. म्हणूनच कागदाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीचे महत्त्व. स्थळ, तारीख, संग्राहक, फुलाचा रंग आणि संग्राहक चौकस असल्यास लोकांतले नाव, एवढे तीवर सापडते.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. नमुना स्वतः पाहिला असल्यास ते संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह घालीत. त्या नावांत कानिटकर आहेत, भिवाही आहे. मराठी वाचकास याचा संतोष वाटावा. परंतु ग्रंथ पडला इलाख्याचा. सोलापूर त्यात येते. त्यापलीकडचा मुलूख निजामाचा, म्हणून तो बाहेर राहतो. 1915 पासून निघू लागलेला गॅम्बल यांचा ग्रंथही मद्रास इलाख्यापुरताच. या दोहोंच्या मध्ये बिदर-गुलबर्गा राहून गेले. त्यावरून तिकडे अमुक झाड नव्हतेच असे अनुमान करणे, म्हणजे दप्तर जळालेल्या गावात माणसेच नव्हती असे म्हणण्यासारखे आहे.

1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व 1956 मध्ये हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. गुलबर्गा जिल्ह्याच्या वनस्पतींवरील स्वतंत्र ग्रंथ गुलबर्गा विद्यापीठाकडून निघावयास 2000 साल उजाडले. 2014 मध्ये जिल्ह्याचे नाव कलबुर्गी झाले. तरी संग्रहातील मूळ चिठ्ठी खोडीत नाहीत, दुरुस्ती करावयाची तर शेजारी दुसरी डकवितात. या भागात नमुने गोळा करणाऱ्यांनी कोरांटी व गोरंटे ही दोन्ही नावे, ज्या गावी ऐकली त्या गावाच्या नावासह, पहिल्याच चिठ्ठीवर लिहून ठेवावीत.