ऑलकॉकचे खेकडे, चौधरी-मोंडलांची रेघ

१८८१ साली मुंबईच्या गोदीत वल्ह्यांच्या चाकांवर चालणारी एक लाकडी आगबोट बांधली गेली, 'इन्व्हेस्टिगेटर'. तिचं काम समुद्राची खोली मोजून नकाशे करण्याचं. पण तिच्यावर एक डॉक्टर असे, आणि खलाशांच्या दुखण्याखुपण्यातून वेळ काढून तो तळावरून जाळं ओढी, येईल ते स्पिरिटमध्ये घाली. आपल्याकडच्या खोल समुद्राचं प्राणिशास्त्र या फावल्या वेळात उभं राहिलं. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझा ऊर भरून यायचा.

आल्फ्रेड ऑलकॉक १८८८ ते १८९२ या डॉक्टरच्या जागेवर होता. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला आणि १८९५ मध्ये त्यानं भारताच्या समुद्रांतल्या कोळी-खेकड्यांवर (कोळी किड्यासारख्या लांब पायांच्या खेकड्यांवर) प्रबंध छापला. त्यातले काही एका नजरेत ओळखू येतात. एन्सेफॅलॉइडिस आर्मस्ट्राँगीच्या दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या खोल्या इतक्या फुगलेल्या, की पाठ अक्रोडासारखी दिसते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात राहायचं म्हणून ही सोय, असं मानतात.

ओळखणाऱ्याचा कस लागतो तो जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या जातींत. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' समुद्रमोहिमेत मिळालेल्या एका लांबपायी खेकड्याला प्राणिशास्त्रज्ञ मायर्सनं १८८०च्या दशकात प्लॅटिमाया वायव्हिलथॉम्सनी असं नाव दिलं. ऑलकॉकनं आपल्याकडचा खेकडा त्याच नावाखाली नोंदवला. १९१८ मध्ये अमेरिकेच्या मेरी जेन रॅथबननं तो निराळा ठरवला आणि नाव दिलं प्लॅटिमाया अल्कॉकी. मी यात ऑलकॉकला दोष देणार नाही. काटे किती नि कुठे, हेच त्या काळी मुख्य मोजमाप होतं. आणि काटा फसवतो. अनेक कोळी-खेकड्यांत पिल्लाचे काटे नि शिंगं लांब असतात, वाढत्या वयात आखूड होतात. एकाच जातीच्या लहानमोठ्या खेकड्यांना दोन नावं मिळायला तेवढं पुरतं.

म्हणून वर्गात आम्ही खेकडा उताणा करायचो. आधी मऊ ब्रशनं केसांत अडकलेला चिखल काढायचा. मग पोटाखाली दुमडलेली पट्टी चिमट्यानं हळूच उचलायची: अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. नराच्या पट्टीखाली काडीसारखी जननांगं असतात. त्यांच्या टोकाचा बाक, टोकाचा आकार भिंगाखाली पाहायचा. विसाव्या शतकात ही खूण रुळली, पॅरिसच्या दानिएल गिनो यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती पक्की केली, आणि जुन्या नावांची फेरतपासणी सुरू झाली.

फेरतपासणीला दोन गोष्टी लागतात: मूळ नमुना आणि चांगलं चित्र. 'इन्व्हेस्टिगेटर'वर मिळालेल्या प्राण्यांची चित्रं ए. सी. चौधरी आणि एस. सी. मोंडल या कलकत्त्याच्या चित्रकारांनी काढली. कवचावरचा दाणा न् दाणा त्यांनी उतरवलाय. ऑलकॉकचं नाव खेकड्याला लाभलं, यांचं नाव चित्राच्या कोपऱ्यात राहिलं. मला हे सलतं. कारण नमुन्यांचा भरवसा नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा संग्रह वाराणसीला हलवला होता, तिथे १९४३ मध्ये वरुणा नदीचा पूर शिरला आणि कित्येक नमुने खराब झाले.

प्राणिशास्त्र विभागांत आजही जुन्या बाटल्या असतात. जागा हवी म्हणून त्या मोरीत रित्या करू नका. स्पिरिट भरा, आणि आतल्या चिठ्ठीवरचं ठिकाण, खोली, तारीख पेन्सिलीनं पुन्हा लिहून ठेवा.