फिलाडेल्फिया घोषणा

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची (स्थापना 1919) ध्येये नव्याने मांडणारी घोषणा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे संघटनेच्या 26व्या परिषदेने ती 10 मे 1944 रोजी स्वीकारली. दुसरे महायुद्ध चालूच होते. युद्धामुळे जिनीव्हा सोडावे लागलेले मोजके कर्मचारी 1940 पासून कॅनडात माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या आश्रयाने संघटनेचा कारभार चालवीत होते. अशा काळात कामगारांचे प्रश्न युद्ध संपेपर्यंत बाजूला ठेवले गेले नाहीत, यातच या घोषणेचे मोल आहे.

श्रम ही विक्रेय वस्तू नव्हे, कुठेही असलेले दारिद्र्य सर्वत्रच्या समृद्धीला धोका असते, टिकाऊ शांतता सामाजिक न्यायावरच उभी राहते, ही तिची मुख्य सूत्रे. वंश, धर्म वा लिंग यांवरून भेद न करता प्रत्येकाला स्वातंत्र्य, प्रतिष्ठा, आर्थिक सुरक्षितता व समान संधी मिळावी, असे ती सांगते. संघटनास्वातंत्र्यावर तिचा विशेष भर आहे. 1946 मध्ये ती संघटनेच्या घटनेला जोडण्यात आली.

समान हक्कांची ही भाषा वसाहतींतील कामगारांना फार उशिरा मिळाली. 1919 च्या वॉशिंग्टन परिषदेने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, पण ब्रिटिश हिंदुस्थानसाठी 60 तासांचा अपवाद केला. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेला हजर होते. भारतीय कारखान्यांत 48 तासांचा आठवडा आला तो 1946 च्या कायद्याने. त्याची तयारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना झाली होती.