बाबासाहेबांच्या फोटोमागची सरस्वती

वस्तीतल्या एका आजींच्या घरी बाबासाहेबांच्या जुन्या फोटोची काच फुटली होती. ती बदलायला आम्ही तसबीर खाली उतरवली. चुका काढल्या, मागचा पुठ्ठा सरकवला, तर बाबासाहेबांच्या फोटोमागून आणखी एक चित्र निघाले. पांढरे लुगडे, मांडीवर वीणा, एका हातात पोथी, शेजारी मोर. सरस्वती! कडा कसरीने खाल्लेल्या, पण रंग अजून शाबूत. खाली बारीक इंग्रजी अक्षरे होती : रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

आजी म्हणाल्या, "सासऱ्यांनी आणली होती. पोरगं शाळेत जाऊ लागलं म्हणून. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांनीच वर बाबांचा फोटो घातला. तसबीर चांगली होती, ती कशाला टाकायची?"

सोबतच्या एका तरुणाने सुचवले, जाळून टाका. दुसरा म्हणाला, अशा जुन्या छपाईला हौशी लोक चांगले पैसे देतात, विकून टाका. आम्हाला दोन्ही पटले नाही. का, ते सांगतो.

राजा रवि वर्मा १८४८ साली त्रावणकोरातल्या किळिमानूर येथे जन्मले. युरोपीय पद्धतीच्या तैलचित्रणात त्यांनी पुराणातले देव रंगवले. खऱ्या माणसांसारखी अंगे, खरी सावली, खरे दागिने. पुराणकथा डोळ्यांना इतिहासासारखी दिसू लागली. १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक छाप घेत चित्र पुरे व्हायचे. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातला देव बाजारात आला आणि बाजारातून चाळीत.

"रवि वर्मांनी अस्पृश्यांच्या घरी देव पोचवला," असे कौतुकाने सांगितले जाते. यातले अर्धे खरे आहे. कागद पोचला, हे मान्य. पण तो धर्माने पाठवला नव्हता; विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची जात विचारायची गरज नव्हती, एवढेच. देवळाचे दार उघडले का? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर आमची माणसे उभी राहिली, ती दार बंद होते म्हणूनच. आणि खुद्द रवि वर्मांच्या त्रावणकोरात राजाच्या ताब्यातली देवळे सर्व हिंदूंना खुली झाली ती १९३६ साली. चित्रकाराला जाऊन तेव्हा ३० वर्षे झाली होती. म्हणजे चार हात पोचले घरोघर, पण घरातल्या माणसाचे दोन हात देवळाच्या उंबऱ्याला लागू शकत नव्हते.

आता त्या पोथीकडे पाहा. विद्येची देवता म्हणून ही बाई भिंतीवर बसली. तिच्या हातातली पोथी कोणासाठी होती? ज्या १८४८ साली रवि वर्मा जन्मले, त्याच साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण फेकणारे हात याच देवतेपुढे जोडले जात होते. बालवयातले भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसून शिकले आणि हायस्कुलात त्यांना संस्कृत नाकारले गेले, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. सरस्वतीने यातले काही अडवले नाही.

एक धागा मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. रवि वर्मांकडून पुराणातली १४ चित्रे काढून घेणारे बडोद्याचे सयाजीराव महाराज, आणि १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवणारेही सयाजीराव महाराजच. त्याच खजिन्यातून देवीही रंगली आणि माणूसही शिकला. आमचे आयुष्य कशाने बदलले, हे सांगायला नको.

मग आजींच्या सासऱ्यांना आम्ही अंधश्रद्ध म्हणावे का? मुळीच नाही. त्यांना पूजा हवी नव्हती, पोरगा शिकायला हवा होता. त्या इच्छेसाठी बाजारात मिळणारे एकच चित्र त्यांनी घामाच्या पैशाने विकत घेतले. १९५६ साली त्या इच्छेला खरा चेहरा मिळाला आणि त्यांनी आपल्या हाताने चित्र बदलले. कोणी मोर्चा काढून बदलायला लावले नव्हते. बावीस प्रतिज्ञा एका खोलीत, एका तसबिरीत कशा उतरल्या, याचा हा पुरावा आहे.

मनुस्मृती जाळली, कारण ती आम्हाला गुलाम करणारा कायदा होती. हा कागद आमच्याच माणसाच्या प्रवासाची खूण आहे. पुरावा जाळायचा नसतो आणि दिवाणखान्याच्या शोभेसाठी विकायचाही नसतो. आजींच्या परवानगीने तो आम्ही विहाराच्या वाचनालयात ठेवणार आहोत. खाली लिहिणार आहोत : कोणी आणला, का आणला, कधी झाकला.

पण शेवटचा प्रश्न आमचा आम्हालाच. त्या वाचनालयात रोज किती जण येतात? तिथल्या खंडांवरची धूळ कोण पुसतो? जयंतीला हार घालून वर्षभर पुस्तक उघडायचे नसेल, तर आम्ही तसबिरीतले चित्र तेवढे बदलले, तसबिरीपुढे उभे राहणे तेच राहिले. आजींच्या सासऱ्यांनी पोराला शाळेत धाडून आपले काम केले. पुढचे काम आपले आहे.

जय भीम!