आपल्याच यंत्रावरचं उघडं दार

वेबसाइट बनवणाऱ्याचा दिवस टर्मिनलमधल्या एका आज्ञेने सुरू होतो. त्याच्याच संगणकात, १२७.०.०.१ या पत्त्यावर, छोटा सर्व्हर चालू होतो. हा पत्ता यंत्राबाहेर जातच नाही. मग इथे पासवर्ड कशाला, असं मानूनच ही अवजारं घडत गेली. पण त्याच यंत्रावर ब्राउझरही असतो, आणि शेजारच्या टॅबमध्ये कुणा परक्याचा कोड चालू असतो.

धोका जुना आहे. १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जावा ॲपलेट वापरून दाखवलं, की साइटचं नाव तेच ठेवून त्यामागचा पत्ता बदलला की ब्राउझर फसतो आणि परक्या कोडला आतल्या यंत्रांशी बोलू देतो. या युक्तीला पुढे डीएनएस रीबाइंडिंग हे नाव पडलं.

पायथन भाषेच्या जगात वेर्कत्सॉइग नावाचं साधन आहे. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थच अवजार. त्याच्या डीबगरमध्ये चूक झालेल्या प्रत्येक ओळीपाशी छोटा कन्सोल उघडतो. तिथे टाइप केलेला कोड थेट सर्व्हरवर चालतो. चूक शोधणाऱ्याला यासारखी सोय नाही, आणि घुसखोरालाही नाही. २०१५ मध्ये कलाकारांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या पेट्रिऑनच्या साइटची, असाच डीबगर असलेली, डीबग आवृत्ती इंटरनेटवर उघडी राहिली. सुमारे १५ जीबी माहिती चव्हाट्यावर आली; त्यात जवळपास २३ लाख ईमेल पत्ते होते.

२०१८ मध्ये वेबसाइटचा कोड बांधणाऱ्या वेबपॅक या अवजाराच्या डेव्ह सर्व्हरची पाळी आली. फाइल जतन करताच पान ताजं व्हावं म्हणून तो वेबसॉकेट या सतत उघड्या जोडणीवरून बदलाची सूचना पाठवायचा. समोरून जोडणी मागणारं पान कोणत्या साइटचं, हे मात्र तपासत नव्हता. त्यामुळे डेव्हलपरने उघडलेली कुठलीही साइट ती सूचना ऐकू शकत होती आणि तिच्या आधारे कोड चोरू शकत होती.

जानेवारी २०२५ मध्ये वीट (Vite) या तशाच अवजारातही तशीच खोट सापडली. कोणतीही साइट त्याच्या सर्व्हरला विनंती पाठवून उत्तर वाचू शके. मार्चमध्ये दुसरी खोट उघड झाली. जे सर्व्हर मुद्दाम नेटवर्कवर खुले केले होते, त्यांच्यात पत्त्याच्या शेवटी ‘रॉ’ आणि दोन प्रश्नचिन्हं जोडली की मनाई असलेल्या फाइलीही मिळत.

जानेवारीच्या दुरुस्तीनंतर वीटचा सर्व्हर अनोळखी साइटच्या नावाने आलेली विनंती अडवू लागला. ही तपासणी पूर्ण बंद करायची सोयही त्यात आहे, आणि तसं केल्यास कोणतीही साइट रीबाइंडिंगने आत शिरू शकेल, असा इशारा त्याच्या माहितीपुस्तिकेत त्या सोयीपाशीच दिलेला आहे.