रसशोषक पतंग (संत्र्यावरील)

पिकत आलेल्या फळाची साल सोंडेने भोकसून आतला रस पिणाऱ्या निशाचर पतंगांना विदर्भातल्या संत्रापट्ट्यात दिलेले नाव. नागपूर जिल्ह्यातील नरखेड आणि काटोल, शेजारचे अमरावती जिल्ह्यातील वरूड आणि सीमेपलीकडचे मध्य प्रदेशातील पांढुर्णा या सलग पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याला त्यांचा उपद्रव होतो. नाव एकवचनी वापरले जाते, पण ते एका जातीचे नाही. एरेबिडी कुलातील यूडोसिमा या प्रजातीच्या एकमेकींशी फार साम्य असलेल्या जाती त्यात येतात. त्यांच्यामागून आयत्या भोकावर येणारे इतर पतंगही बोलण्यात याच नावाखाली मोडतात. कपाशीवरच्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना ‘रसशोषक किडी’ म्हणतात. त्यांचा या पतंगांशी काही संबंध नाही आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

संत्र्यावरील मुख्य जाती दोन : यूडोसिमा मॅटर्ना आणि यूडोसिमा फॅलोनिया. दोन्ही अंगाने जाड असून पंख पसरल्यावर सुमारे ८ ते १० सेंमी. भरतात. बसलेल्या पतंगाचे फक्त पुढचे पंख दिसतात. त्यांचा रंग तपकिरी, करडा, हिरवट किंवा जांभळट असतो आणि मागची कड आत वळलेली असल्याने एखादे वाळके पान फांदीला अडकल्यासारखे वाटते. ओळख पटवताना चूक होते ती इथेच. पुढच्या पंखांची रंगछटा एकाच जातीत पतंगागणिक बदलते, शिवाय नर आणि मादी वेगळे दिसतात. फॅलोनियाची मादी नरापेक्षा अधिक नक्षीदार असते. नुसते पुढचे पंख पाहून एका जातीच्या नर-मादीला दोन जाती समजण्याचा धोका म्हणूनच कायम असतो.

खरी खूण मागच्या पंखांवर आहे. दोन्ही जातींत ते झगझगीत नारिंगी-पिवळे असतात आणि त्यांच्या बाहेरच्या कडेला काळी पट्टी असते. फरक मधल्या काळ्या खुणेत आहे. मॅटर्नाच्या पंखावर कपाळावरच्या टिकलीसारखा गोल, सुटा ठिपका असतो. फॅलोनियाच्या पंखावर विळ्याच्या पात्यासारखा वाकलेला जाड डाग असतो. टिकली की विळा, एवढे पाहिले तरी या दोन जातींपुरता निर्णय होतो. जिवंत पतंग हे पंख झाकून ठेवतो. डिवचला की एकदम उघडतो आणि भडक रंगाने शत्रूला क्षणभर दचकवतो.

यूडोसिमाच्या आणखीही जाती भारतात आढळतात; त्यांतल्या दोन इथे घेतल्या आहेत. यूडोसिमा सॅलॅमिनियाच्या मागच्या पंखावरही विळाच असतो, पण पुढचे पंख हिरवे आणि कडेला फिकट दुधी पट्ट्याचे असल्याने ती सहज वेगळी काढता येते. यूडोसिमा होमेना मात्र फॅलोनियाच्या इतकी जवळची आहे की झिजलेल्या, खवले गळालेल्या नमुन्यावरून डोळ्यांनी निर्णय देऊ नये. अशा वेळी पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. तिथले कठीण भाग जातीगणिक ठरावीक घडणीचे असतात आणि पंखांच्या रंगासारखे झिजत नाहीत.

नावांनीही गोंधळ वाढवला आहे. लिनियसने फॅलोनियाचे वर्णन १७६३ मध्ये आणि मॅटर्नाचे १७६७ मध्ये केले. क्लर्कने १७६४ मध्ये दिलेले ‘फुलोनिया’ हे नाव फॅलोनियाचेच, पण शेतीविषयक लिखाणात तेच दीर्घकाळ चालत राहिले. प्रजातीसाठी ऑथ्रेइस आणि ओफिडेरिस अशीही नावे होती. पूर्वी या पतंगांना नॉक्ट्युइडी कुलात धरत. जुन्या पुस्तिकेतला ‘ऑथ्रेइस फुलोनिया’ आणि नव्या पुस्तिकेतला ‘यूडोसिमा फॅलोनिया’ हा एकच पतंग आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

शरीररचनेत सर्वांत महत्त्वाचा अवयव सोंड. बहुतेक पतंगांची सोंड मऊ, फुलातला मध ओढण्यापुरती असते. यूडोसिमाची सोंड कडक आणि टोकाशी अणकुचीदार असून तिच्यावर मागे वळलेले आकडे व काटे असतात. सोंड आत-बाहेर हलवत पतंग साल भेदतो आणि आतल्या रसाच्या पिशव्या फाडतो. मूळ अपराधी आणि मागून आलेला यांच्यातला भेद इथे ठरतो. एरंडावरील उंट अळीचा पतंग, अकिया जॅनाटा, हाही पिकल्या फळांवर येतो. त्याचे मागचे पंख काळपट असून मधे पांढरा पट्टा आणि कडेला मोठे पांढरे ठिपके असतात. यूडोसिमाइतकी दणकट सोंड त्याला नसते, त्यामुळे तो मुख्यतः फुटलेल्या किंवा आधीच भोक पडलेल्या फळावर भागवतो. ऑफियुसा कोरोनाटा या पतंगाचे मागचे पंख पिवळे असल्याने घाईत तो यूडोसिमा वाटतो, परंतु त्याच्या पंखावर टिकली किंवा विळा नसून काळे आडवे पट्टे असतात.

अधिवासाची बाजू शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. पिकांच्या बहुतेक पतंगांत नुकसान अळी करते. इथे अळी निरुपद्रवी आहे आणि नुकसान प्रौढ पतंग करतो. यूडोसिमाची अळी संत्र्याच्या झाडावर वाढतच नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींची पाने खाते. धुऱ्यावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल, नाल्याकाठची झुडपे, सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल ही तिची घरे. अळी गडद मखमली रंगाची असून तिच्या अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. बसताना ती डोके खाली वळवते आणि मागचा भाग वर उचलते. पाने जुळवून त्यांत ती कोष करते. पॅसिफिक बेटांवर फॅलोनियाची अळी पांगाऱ्यावरही वाढते, म्हणजे एका जातीचे खाद्यसुद्धा प्रदेशागणिक बदलते.

पावसाळा सरत असताना आंबियाच्या फळांवर रंग चढू लागतो तेव्हा पतंग बागेत उतरतात. दिवस मावळल्यानंतरचे काही तास त्यांचे. दिव्याकडे ते फारसे येत नाहीत, म्हणून प्रकाशसापळ्यात सापडले नाहीत याचा अर्थ बागेत नाहीत असा होत नाही. बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि मोजणी त्यावरूनच करता येते. डंखलेल्या फळावर टाचणीएवढे भोक दिसते, दाबले की रस उडतो, मग बुरशी शिरून भोवतालचा भाग सडतो आणि फळ गळते. फळमाशीच्या भोकातही फळ सडते, पण ते फोडल्यावर आत अळ्या निघतात. पतंगाच्या भोकात त्या नसतात.

संत्र्याच्या पानांवर फवारणी करून या पतंगाची पिढी तुटत नाही, कारण ती पिढी तिथे नसतेच. गळलेली फळे रोज उचलून पुरणे, संध्याकाळी धूर करणे, गूळ आणि फळांच्या रसाचे विषारी आमिष टांगणे हे उपाय प्रौढ पतंगावर चालतात. बागेभोवतालच्या वेली काढण्याचा सल्लाही दिला जातो. तो बागेच्या अगदी कडेपुरता ठीक आहे. हे पतंग लांबवर उडतात आणि गुळवेल औषधी आहे, तेव्हा सगळ्या शिवारातून ती उपटणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

आमिषात सापडलेला पतंग फेकण्यापूर्वी त्याचे मागचे पंख उघडून पाहावेत. काटोलचे फळ संशोधन केंद्र किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था येथे नमुना दाखवायचा असेल तर तो कोरड्या डबीत, पंख आणि सोंड शाबूत ठेवून न्यावा. त्यासोबत बागेजवळच्या वेलीचे एक पानही न्यावे.